गर्दीच्या शिबिरात काढलेल्या आईच्या ईसीजीवर 'लेफ्ट ॲक्सिस डेव्हिएशन' आणि ॲक्सिस उणे 48 अंश आलंय, म्हणजे तिचं हृदय डावीकडे सरकलंय का?

नाही, हृदय जागेवरच आहे. सांगलीत बरीच वर्षं ईसीजी काढतोय आणि हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतोच. कागदावरची ती ओळ वाचून माणसं उगाच घाबरतात.

ॲक्सिस म्हणजे हृदयातून जाणाऱ्या विजेचा एकूण कल. ठोका पडताना वीज चहूकडे पसरते, पण डावा कप्पा जाड, त्यामुळे त्याचंच पारडं जड. हरिपूरला वारणा मिसळली तरी पुढे कृष्णाच म्हणायचं, तसंच हे. एरवी हा कल उजव्या खांद्यावरून तिरक्या घातलेल्या शबनमच्या पट्ट्यासारखा, खाली डावीकडे असतो.

आता घड्याळ डोळ्यांसमोर आणा. आई तुमच्या समोर उभी आहे आणि तिच्या छातीवर घड्याळाची तबकडी आहे, विजेचा कल म्हणजे त्यातला काटा. तीन वाजतात तिथे, म्हणजे आईच्या डाव्या हाताकडे, शून्य अंश, सहा वाजतात तिथे अधिक 90, दोनला उणे 30. दोन ते सहाच्या मध्ये काटा असला की नॉर्मल. तुम्ही लिहिलेलं उणे 48 म्हणजे साधारण दीड वाजलेत. जरा वर गेलाय, इतकंच.

कागदावर स्वतः पाहायचं तर लीड वन आणि एव्हीएफ (aVF) बघा. लीड म्हणजे एकेका दिशेनं टिपलेली विजेची रेघ. परवाच्या एका कागदावर लीड वनमध्ये रेघ आठ बारीक चौकोन वर, दोन खाली, म्हणजे अधिक सहा. एव्हीएफमध्ये दोन वर, सहा खाली, म्हणजे उणे चार. असं लीड वन अधिक आणि एव्हीएफ उणे असलं की लीड टू निकाल देतो. तिथे वरच्या टोकापेक्षा खालचा खड्डा मोठा असेल तर काटा दोनच्या पुढे वर गेला, नसेल तर अजून नॉर्मलमध्येच. परवाच्या कागदावर खड्डा किंचित मोठा होता.

पण आधी वायरी! लाल उजव्या हाताला, पिवळी डाव्या हाताला, हिरवी डाव्या पायाला, काळी उजव्या पायाला. नवा असताना एका कॅम्पमध्ये मी एका पैलवानाच्या लाल-पिवळीची अदलाबदल केली. लीड वन पूर्ण उलटा, मशीननं राइट ॲक्सिस छापलं, पैलवान घामाघूम. छातीवरच्या लीडा मात्र अगदी व्यवस्थित होत्या, त्यावरून सिस्टरनी चूक पकडली आणि माझी चांगलीच हजेरी घेतली. पिवळी-हिरवी बदलली तर काटा असाच वर सरकल्यासारखा दिसू शकतो. आईचा कागद गर्दीच्या शिबिरातला आहे म्हणता, तेव्हा एकदा निवांत पुन्हा काढून घ्या.

तरीही उणे 48च आलं तर? डाव्या कप्प्याकडे जाणाऱ्या वायरिंगच्या पुढच्या फाट्यात वीज अडखळणं हे नेहमीचं कारण. जुना बीपी किंवा हृदयाच्या खालच्या बाजूचा जुना ॲटॅक हीही कारणं असतात. कुठलं, ते डॉक्टर बाकीचा कागद बघून ठरवतील, मशीन नाही, आणि मीही नाही. दोन-चार वर्षांपूर्वीचा ईसीजी घरात कुठे फायलीत सापडला तर तो सोबत न्या. तेव्हाही काटा इथेच असेल तर डॉक्टरांचं अर्धं काम झालं.

छातीत दुखतंय, चक्कर येऊन पडल्या, दम लागतोय, असं काही असेल तर मात्र माझं उत्तर वाचत बसू नका, आत्ताच निघा.