‘कामुक’ कादंबरी की ‘शृंगारिक’?

ऐरोलीतील एका कंपनीत नोकरी करणाऱ्या वाचक मैत्रिणीने विचारलेला हा प्रश्न आहे. नौपाड्यातील वाचनकट्ट्यावर तिला एका इंग्रजी कादंबरीची ओळख करून द्यायची आहे. हिशेब तपासायला आलेली नायिका, तिचा वरिष्ठ, दोघांचे मोकळेपणाने रंगवलेले शरीरसंबंध आणि कंपनीची गुपिते बाहेर विकणारा कोणी अज्ञात, असे तिचे कथानक आहे. सूचनेत तिने ‘कामुक, थरारक, कार्यालयीन कादंबरी’ असे लिहिले, तेव्हा ‘कामुक’वर दोन ज्येष्ठ सदस्यांनी हरकत घेतली. हा शब्द चूक आहे का आणि असल्यास दुसरा कोणता वापरावा, असे ती विचारते. ठाणे-वाशी लोकलमध्ये आपण हे पुस्तक मुखपृष्ठ पालथे धरून वाचले, असेही तिने लिहिले आहे. शब्दाची निवड करताना मला हा तपशील महत्त्वाचा वाटतो.

‘कामुक’ हा शब्द शुद्ध आहे, पण तो पुस्तकासाठी घडलेला नाही. पाणिनीच्या ३.२.१५४ या सूत्राने ‘कम्’ धातूला ‘उक’ प्रत्यय लागतो आणि त्यातून एखाद्याची सवय किंवा स्वभाव व्यक्त होतो. ‘भावुक’ आणि ‘घातुक’ हे शब्दही याच सूत्रातले. म्हणजे ‘कामुक’ म्हणजे ज्याची वृत्तीच वासनेकडे ओढ घेते तो. मराठीत आपण माणसाला किंवा त्याच्या नजरेला कामुक म्हणतो, आणि त्यात नापसंतीची छटा असतेच. कादंबरीला हे विशेषण लावले की ती छटा पुस्तकाला आणि पुढे वाचणारीलाही चिकटते. ज्येष्ठांची हरकत विषयाला असेल तर ती मला मान्य नाही. शब्दाला असेल तर योग्य आहे.

त्या चर्चेत ‘अश्लील’ हा शब्दही निघाला होता म्हणून थोडे त्याविषयी. काव्यशास्त्रात मम्मटाने अश्लीलतेचे तीन प्रकार सांगितले आहेत: लाज आणणारे, किळस आणणारे आणि अमंगल सुचवणारे. शरीरसंबंधांपुरता हा शब्द तेव्हा मर्यादित नव्हता. आज तो मुख्यतः कायद्याचा शब्द आहे, आणि तिथेही वर्णन आले की अश्लीलता आली असे होत नाही. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातील चंद्रकांत काकोडकरांच्या कथेवरील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये ती कथा अश्लील ठरत नाही असाच निर्णय दिला.

माझी पसंती ‘शृंगारिक’ला आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात शृंगार रसाचा स्थायी भाव, म्हणजे मुळाशी असलेली भावना, रती म्हणजे प्रेमाची ओढ आहे, आणि मीलन व विरह या त्याच्या दोन्ही बाजू तिथे मानलेल्या आहेत. शृंगारलेली बैलजोडी, शृंगारलेला रथ अशा प्रयोगांमुळे हा शब्द केवळ नटण्यासजण्याचा झाला, म्हणून तो सौम्य पडेल, अशी शंका कोणी घेईल. परंतु शृंगारिक लावणी म्हटल्यावर मराठी श्रोत्याला दागिने आठवत नाहीत. लावणीने हा शब्द धीटच ठेवला आहे, आणि तोही मान खाली न घालता.

‘थरारक’मध्ये थरथर आहे. पाठलाग आणि मारामारीला तो शोभतो. गुपिते कोण विकतो याची वाट पाहायला लावणाऱ्या कथेला ‘उत्कंठावर्धक’ अधिक जवळचा. उत्कंठा म्हणजे मान उंचावून वाट पाहणे, आणि संस्कृत काव्यात ती अनेकदा प्रेमातली अवस्था आहे. भरताने सांगितलेल्या नायिकांच्या आठ प्रकारांतील विरहोत्कंठिता ही ज्या कारणाने तळमळते ते कारण या कादंबरीसाठीच सांगितल्यासारखे आहे: अनेक कामांत गुंतल्यामुळे तिचा प्रियकर आलेला नाही.

राहिला ‘कार्यालयीन’. कार्यालयीन वेळ, कार्यालयीन आदेश या प्रयोगांत जे कार्यालयाचे स्वतःचे असते त्याला हे विशेषण लागते, त्यामुळे ‘कार्यालयीन कादंबरी’ ही कार्यालयानेच काढल्यासारखी वाटते. इथे सांगायचे आहे ते तिथले डावपेच, आणि त्यासाठी ‘कारस्थान’ हा उत्तम शब्द आपल्याकडे आहे. त्याचे मूळ फारसी ‘कारिस्तान’. ‘कार’ म्हणजे काम आणि ‘स्तान’ म्हणजे जागा. मराठीने ‘स्तान’चे ‘स्थान’ केले आणि कामाच्या जागेचे नाव कटाला दिले. ही वाट शब्दाने कशी गाठली असेल, हे दरबारांत आणि कचेऱ्यांत दिवस काढलेल्यांना वेगळे सांगावे लागत नाही.

तेव्हा सूचना अशी लिहावी: ‘कंपनीतील कारस्थानाभोवती गुंफलेली उत्कंठावर्धक शृंगारिक कादंबरी’. ‘प्रौढ वाचकांसाठी’ हे शब्द तिच्याखाली जरूर असावेत.