हृदयाला आदेश कोण देतं? स्वायत्त मज्जासंस्थेवर तुमचे प्रश्न

या वेळी सगळे प्रश्न स्वायत्त मज्जासंस्थेवरचे घेतलेत, म्हणजे हृदय, आतडी, मूत्राशय, घामाच्या ग्रंथी हे सगळं आपल्याला न विचारता सांभाळणाऱ्या नसांवरचे. बऱ्याच जणांनी हिच्या दोन शाखांपैकी सिंपथेटिक म्हणजे टेन्शनवाली आणि पॅरासिंपथेटिक म्हणजे आरामवाली, एक चालू झाली की दुसरी बंद, असं धरूनच विचारलंय. तसं नसतं हो. दोन्ही दिवसरात्र चालूच असतात, कुठे कोणाचा जोर जास्त ते अवयवागणिक बदलतं.

प्रश्न: काकांचं हार्ट ट्रान्सप्लांट झालंय. ऑपरेशनमध्ये नसा जोडत नाहीत म्हणे, मग हृदयाला धडधडायला सांगतं कोण? आणि नुसतं बसलेलं असताना पण त्यांची पल्स शंभरच्या आसपास का असते?

कोणीच सांगत नाही, सांगावं लागतच नाही. हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात एसए नोड नावाचा पेशींचा छोटा पुंजका असतो, ठोका तोच तयार करतो, आणि त्याला मोकळं सोडलं तर मिनिटाला साधारण 100. तुमची-माझी पल्स 70 दिसते कारण व्हेगस नस (मेंदूतून निघणारी, पॅरासिंपथेटिकची मुख्य नस) त्याला सतत दाबून धरते. काकांच्या नव्या हृदयाला व्हेगस पोचलेलीच नाही, त्यामुळे त्यांची पल्स म्हणजे हृदयाचा स्वतःचा मूळ वेग समजा.

जिना चढताना पण फरक दिसेल. आपण पहिल्या दोन-चार पायऱ्या चढतो तोवर व्हेगस पकड सैल करते आणि पल्स लगेच वाढते, त्यांना मात्र रक्तातून ॲड्रेनलिन येईपर्यंत वाट बघावी लागते, म्हणून अशा पेशंटना वॉर्मअप नीट करा असं बजावून सांगतात, आणि व्यायाम थांबवला तरी पल्स निवांत उतरते. काही जणांत पुढच्या काही वर्षांत थोड्याफार नसा परत वाढतात. एक गोष्ट लक्षात ठेवा, नसा नसल्यामुळे हृदयाला रक्त कमी पडलं तरी छातीत दुखेलच असं नाही, म्हणून 'काही त्रास नाहीये' म्हणून तपासण्या टाळू नका.

व्हेगस हे करते कशी, ते 1921 मध्ये ऑटो लोवी या शास्त्रज्ञाने बेडकाच्या हृदयांवर दाखवलं. एका हृदयाची व्हेगस उत्तेजित केली, ते मंदावलं, त्याच्या भोवतीचं द्रव दुसऱ्या हृदयावर घातलं तर तेही मंदावलं! म्हणजे नसेच्या टोकाला काहीतरी रसायन सुटतंय. ते ॲसिटिलकोलिन निघालं, आणि 1936 चं नोबेल लोवी आणि हेन्री डेल यांना मिळालं. मला विचाराल तर शरीरशास्त्रातला सगळ्यात देखणा प्रयोग हाच.

प्रश्न: वय 66. सकाळी झटकन उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. बीपीची गोळी चालू आहे, प्रोस्टेटसाठी पण एक नवीन सुरू झालीये.

उभं राहिलं की अर्धा ते पाऊण लिटर रक्त खाली पोटात आणि पायांत उतरतं. मानेतल्या मोठ्या धमनीत आणि महाधमनीच्या कमानीत दाब मोजणारी टोकं असतात, ती ब्रेनस्टेमला (मेंदूच्या तळाच्या भागाला) कळवतात, मग व्हेगस सैल आणि सिंपथेटिक रक्तवाहिन्या आवळते, सगळं काही सेकंदांत. बहुतेक रक्तवाहिन्यांना फक्त सिंपथेटिकच नसा असतात, त्यामुळे ती कमी पडली की बाकी कोणी फारसं धावून येत नाही. प्रोस्टेटच्या अल्फा ब्लॉकर गोळ्या नेमकं हेच आवळणं अडवतात, तुमची नवीन गोळी त्यातलीच असेल तर संशय तिच्यावर. बीपी आधी झोपून आणि मग उभं राहून 1 आणि 3 मिनिटांनी मोजा, वरचा आकडा 20 किंवा खालचा 10 ने उतरला तर डॉक्टरांना दाखवा. गोळी मनाने बंद करू नका, तोवर पलंगाच्या कडेला मिनिटभर बसून मगच उठा.

प्रश्न: मुलीला रक्त बघितलं की घाम फुटतो आणि ती कोसळते. घाबरल्यावर बीपी वाढायला पाहिजे ना?

सुरुवातीला बऱ्याचदा वाढतंच, मग एकदम उलटतं. व्हेगस पल्स खाली ओढते, रक्तवाहिन्यांची सिंपथेटिक पकड सुटते, मेंदूला रक्त कमी पडतं. आणि घाम? तो सिंपथेटिकचाच! एकाच क्षणी एकीकडे ती कामावर आणि दुसरीकडे हात सोडून बसलेली, एक चालू दुसरी बंद हे इथेच खोटं पडतं. चक्कर येतेय वाटलं की तिला आडवं करून पाय वर करायचे, हातपायांचे स्नायू घट्ट आवळून धरले तरी बऱ्याचदा टळतं. व्यायाम करताना किंवा काही कारण नसताना कोसळली तर मात्र हृदय तपासून घ्या.

प्रश्न: 18 वर्षं डायबेटिस आहे. दोन घास खाल्ले की पोट भरतं, तासन् तास फुगलेलं राहतं. ॲसिडिटीच ना?

नक्की नाही सांगता येणार, पण जठराकडे जाणाऱ्या व्हेगसला इजा झाली असेल तर अन्न पुढे सरकतच नाही, आणि जुन्या डायबेटिसमध्ये हे होतं. जेवण उशिरा उतरलं की शुगर पण उशिरा चढते, म्हणजे इन्सुलिनची वेळ चुकते. नसांना झालेल्या अशाच इजेमुळे शुगर उतरल्यावर होणारी धडधड, थरथर पण कमी जाणवू शकते. त्यामुळे अँटासिड घेत बसण्यापेक्षा डॉक्टरांना स्पष्ट विचारा, 'ऑटोनॉमिक न्यूरोपथी, म्हणजे या स्वायत्त नसांना इजा, आहे का?'

प्रश्न: व्हेगस रीसेट करायचे व्हिडिओ खरे असतात का?

रीसेटचं बटण वगैरे काही नसतं. व्हेगसमधले साधारण 80 टक्के तंतू तर आतल्या अवयवांची खबर वर मेंदूला नेणारे आहेत. हां, श्वास सोडताना पल्स थोडी कमी होते हे खरंय, मिनिटाला सहाच्या आसपास श्वास घेतले की हा चढउतार छान दिसतो आणि बऱ्याच जणांना शांत पण वाटतं, तेवढ्यासाठी करा. हृदयाचा आजार असेल तर बर्फाच्या पाण्यात तोंड बुडवायचे प्रकार नको.

प्रश्न: डोळे तपासताना थेंब टाकल्यावर जवळचं का दिसत नाही?

बाहुली लहान करणाऱ्या आणि भिंगाला जवळच्या फोकसवर आणणाऱ्या दोन्ही स्नायूंना पॅरासिंपथेटिकचाच हुकूम लागतो, थेंब तोच अडवतात. काही तासांत उतरतं, तोवर गाडी चालवू नका.