स्किझोफ्रेनिया असलेल्या भावाला आपल्यासारख्यांसाठी बोलायचंय. त्याची तयारी कशी करून घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की भाऊ गोळ्या नियमित घेतो, आंब्याची बाग बघतो, आणि आता त्याला लोकांसमोर बोलायचंय. घरचे मात्र ‘चार माणसांत कशाला?’ म्हणून अडवतायत. मला स्वतःला बायपोलर आहे. रत्नागिरीजवळ आमचा छोटा गट आहे, तिथे आम्ही एकमेकांची अशीच तयारी करून घेतो.

भाषणाचं सगळ्यात शेवटी बघा. आधी काय सांगायचं नाही, ते त्याला ठरवू दे. आपल्याकडे प्रश्न येतात ते असे : ‘बाहेरचं काही होतं का?’, ‘गोळ्या सुटणार कधी?’, ‘लग्न झालं का?’ गटात एक जण मुद्दाम खवचट गावकरी होतो आणि हेच विचारत राहतो. एका बाईंना लग्नाच्या प्रश्नावर दरवेळी रडू यायचं. शेवटी त्यांनी एक उत्तर पक्कं केलं : ‘ते माझं खासगी, आजाराबद्दल विचारा.’ पुढे गावोगावच्या आशा सेविकांच्या बैठकीत तोच प्रश्न आला. बाईंनी तेवढंच उत्तर दिलं आणि औषधांच्या मुद्द्यावर गेल्या. ती माझ्या मते खरी तयारी.

मग कायदा. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ त्याने स्वतः वाचावा. पुढे त्रास वाढला तर कोणते उपचार हवेत, कोणते नकोत हे आधीच लिहून ठेवायचा हक्क कलम ५ मध्ये आहे. आपला प्रतिनिधी नेमता येतो, ते कलम १४. भूल न देता शॉक द्यायला बंदी आहे. आणि राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणावर आजार असलेल्या किंवा होऊन गेलेल्या व्यक्तींसाठी दोन जागा आहेत. जागा कायद्याने दिल्या, पण तिथे बसून ठामपणे बोलणारी माणसं आपल्यालाच घडवावी लागतील, आणि ती कोकणातूनही गेली पाहिजेत.

देवळात गाऱ्हाणं घालणारा स्वतःपुरतं मागत नाही, साऱ्या गावाचं मागतो. तसं भावाला आधी इतरांचं ऐकायची सवय लागू दे. ओपीडीच्या रांगेत बसला तरी कळेल, एसटीच्या भाड्याला पैसे नाहीत म्हणून कुणाच्या गोळ्या तुटतात, तालुक्याला औषध मिळालं नाही म्हणून कुणाला जिल्ह्याला हेलपाटा पडतो. मग ग्रामसभेत तो मागणी घेऊन उभा राहील.

तब्येत सांभाळूनच हे सगळं. शिमग्याला पालखीमागे, गणपतीत भजनाला जागरणं होतात. त्या दिवसांत कार्यक्रम घेऊच नका. झोप उडणं, संशय वाढणं, जी काही बिघडण्याची लक्षणं असतील ती त्याने स्वतःच्या शब्दांत लिहून ठेवावी आणि डॉक्टरांना दाखवावी. ऐनवेळी कार्यक्रम रद्द करायची मुभा त्याला हवीच. रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर मोफत आहे.

एखादी संस्था बोलावील तेव्हा प्रवासखर्च आणि मानधन आधी ठरवा. लेखी संमतीशिवाय फोटो नको. व्हॉट्सअ‍ॅपवर गेलेला फोटो मुंबईच्या चाकरमान्यांपर्यंत पोचायला वेळ लागत नाही. घरच्यांची भीती तिथलीच आहे, ती खोटी नाही. म्हणून सुरुवात दुसऱ्या तालुक्यात करा, जिथे घराणं कुणी ओळखत नाही. आपल्या गावात कधी बोलायचं ते त्याचं तो ठरवील. ती तारीख घरच्यांनी ठरवू नये, आणि तुम्हीही.