एन८एनमध्ये एका वर्कफ्लोतला डेटा दुसऱ्या वर्कफ्लोत कसा पाठवायचा?

एन८एन हे कामं आपोआप करवून घेण्याचं सॉफ्टवेअर; त्यातली कामांची साखळी म्हणजे वर्कफ्लो आणि साखळीतली एकेक पायरी म्हणजे नोड. तुमचा प्रश्न मला समजला तो असा. शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीचं डिस्पॅच तुम्ही बघता. पहिला वर्कफ्लो गुगल शीटमधून दिवसभराच्या ऑर्डरी उचलतो आणि दुसरा बिलाची पीडीएफ बनवतो. दुसऱ्यात पहिल्याच्या शीट नोडचं नाव घालून फील्ड मागितलं की एरर येते, आणि कसंबसं जुळवलं तर सगळ्या बिलांवर पहिल्याच पार्टीचं नाव छापून येतं. या दोन वेगळ्या चुका आहेत.

आधी एरर. नोडचं नाव घेऊन डेटा मागता येतो तो फक्त त्याच वर्कफ्लोतल्या नोडचा. दुसऱ्या वर्कफ्लोला पहिल्यातला एकही नोड दिसत नाही. त्याच्या ट्रिगरमधून, म्हणजे त्याला सुरू करणाऱ्या नोडमधून, जे आत आलं, तेवढाच त्याचा डेटा. म्हणून दुसऱ्या वर्कफ्लोची सुरुवात 'व्हेन एक्झिक्युटेड बाय अनदर वर्कफ्लो' या ट्रिगरने करा आणि पहिल्यात शीट नोडनंतर 'एक्झिक्युट सब-वर्कफ्लो' नोड लावून त्यात दुसरा वर्कफ्लो (म्हणजे सब-वर्कफ्लो) निवडा.

ट्रिगरमध्ये इनपुट कसं घ्यायचं याचे तीन पर्याय आहेत: फील्ड एकेक करून लिहिणं, जेसनचा (फील्डची नावं आणि त्यांचा डेटा लिहिण्याच्या पद्धतीचा) नमुना देणं, किंवा येईल ते सगळं घेणं. शेवटचा सोपा दिसतो, पण तो निवडू नका. उद्या कुणी शीटमधल्या कॉलमचं नाव बदललं तर वर्कफ्लो गुपचूप चालत राहतो आणि बिलावर रकाना कोरा येतो. फील्ड लिहून घ्या: ऑर्डर नंबर, पार्टी, जीएसटीआयएन (पार्टीचा जीएसटी नोंदणी क्रमांक), पार्ट नंबर, हीट नंबर (धातूच्या एका वितळीचा नंबर), नग, वजन. मग पहिल्या वर्कफ्लोच्या नोडमध्ये हीच नावं आपोआप येतात. प्रत्येकासमोर शीटमधलं फील्ड ओढून टाकायचं, एवढंच.

टाइप ठरवताना मात्र घाई नको. नग आणि वजन नंबर. बाकी सगळं स्ट्रिंग, म्हणजे मजकूर. हीट नंबरला नंबर टाइप दिलात तर '०४१७'चा ४१७ होऊ शकतो, आणि टेस्ट सर्टिफिकेटवरचा नंबर बिलाशी जुळला नाही की पार्टी माल परत पाठवते. शीटमध्येसुद्धा तो कॉलम प्लेन टेक्स्ट करून ठेवा, नाहीतर पुढचं शून्य तिथेच गळतं. तसंच जीएसटीआयएनचं. त्याच्या पहिल्या दोन अंकांवरून राज्य कळतं, महाराष्ट्र २७ आणि बेळगावची पार्टी असली तर कर्नाटकाचे २९. त्यावरून सीजीएसटी-एसजीएसटी की आयजीएसटी हे अट तपासणाऱ्या इफ नोडने ठरवत असाल, तर तुलना स्ट्रिंगची ठेवा. कापून घेतलेले २७ हे अक्षर-रूपात असतात. इफमध्ये नंबरची तुलना निवडली की टाइप चुकल्याची एरर येऊन काम थांबतं.

आता पहिल्याच पार्टीचं नाव. एक्झिक्युट नोडमध्ये मोड दोन आहेत. 'रन वन्स विथ ऑल आयटम्स'मध्ये चाळीस ऑर्डरी एकदम आत जातात आणि सब-वर्कफ्लो एकदाच चालतो. 'रन वन्स फॉर ईच आयटम'मध्ये तो ऑर्डरीगणिक, म्हणजे चाळीस वेळा चालतो. तुम्ही पहिला मोड ठेवून आत ट्रिगरचा डेटा 'फर्स्ट' लावून मागत असणार. 'फर्स्ट' नेहमी पहिलाच आयटम (इथे पहिलीच ऑर्डर) देतो; तिथे 'आयटम' वापरा, म्हणजे ज्याची पाळी त्याचीच ऑर्डर मिळते. पीडीएफसाठी दुसऱ्या सर्व्हरकडे मागणी पाठवणारा एचटीटीपी रिक्वेस्ट नोड असेल तर हे आणखी महत्त्वाचं. त्या नोडमधून बाहेर पडतो तो सर्व्हरचा जबाब, ऑर्डरची फील्ड पुढे जात नाहीत, ती ट्रिगरच्या नावानेच मागावी लागतात.

बिलांसाठी मी दुसरा मोडच घेईन. वेळ थोडा जास्त लागतो, पण प्रत्येक ऑर्डरचं एक्झिक्युशन वेगळं दिसतं आणि बिघाड कुठल्या ऑर्डरीत झाला ते शोधत बसावं लागत नाही. त्यासोबत नोडच्या सेटिंगमध्ये 'ऑन एरर' बदलून एररचं वेगळं आउटपुट घ्या. नाहीतर सतराव्या ऑर्डरीत जीएसटीआयएन रिकामा निघाला की पुढची सगळी बिलं अडतात.

उत्तर परत येण्याचा नियम साधा आहे. सब-वर्कफ्लोत जो नोड सर्वांत शेवटी चालतो, त्याचंच आउटपुट पहिल्याकडे परत जातं. इफनंतर दोन फांद्या तशाच मोकळ्या सोडल्या तर कधी या फांदीचं येतं, कधी त्या. दोन्ही फांद्या एकाच एडिट फील्ड्स नोडला जोडा आणि त्यातून ऑर्डर नंबर, बिल नंबर आणि फाइलची लिंक एवढंच परत द्या. ऑर्डर नंबर विसरू नका. पहिल्या वर्कफ्लोत मर्ज नोडने मूळ ओळीशी जुळवायला तोच लागतो. पीडीएफच परत हवी असेल तर ती बायनरीत, म्हणजे जेसनपासून वेगळ्या ठेवलेल्या फाइलच्या डेटात, असते. मध्ये कोड नोड असून तुम्ही त्यातून फक्त जेसन परत दिलंत तर फाइल तिथेच संपते.

शोधणारा एखादा नोड काहीच न सापडून शून्य आयटम देतो, तेव्हा पुढचे नोड चालतच नाहीत आणि एररही दिसत नाही. अशा नोडवर 'ऑलवेज आउटपुट डेटा' चालू करा.

मेसेज पाठवण्याचा तिसरा वर्कफ्लो असेल तर त्याच्यासाठी थांबायची गरज नाही. तिथे 'वेट फॉर सब-वर्कफ्लो कम्प्लिशन' बंद ठेवा. दोन वर्कफ्लो वेगवेगळ्या सर्व्हरवर असतील तरच वेबहूकचा (वेब पत्त्यावर डेटा पाठवून वर्कफ्लो सुरू करण्याचा) मार्ग धरा, आणि ऑथेंटिकेशन लावल्याशिवाय तो उघडा टाकू नका. स्टॅटिक डेटातून (वर्कफ्लोने स्वतःजवळ साठवून ठेवलेल्या डेटातून) देवाणघेवाण करायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, तो ज्या त्या वर्कफ्लोपुरताच असतो.

तपासताना सब-वर्कफ्लोच्या ट्रिगरवर तीन नमुना ऑर्डरी पिन करा (तपासणीपुरत्या पक्क्या करून ठेवा): एक महाराष्ट्रातली, एक बेळगावची, एक जीएसटीआयएन नसलेली. एकाच ऑर्डरीवर तपासलंत तर 'फर्स्ट'ची चूक कधीच दिसणार नाही. पिन केलेला डेटा प्रत्यक्ष चालवताना वापरला जात नाही, त्यामुळे तो तसाच राहिला तरी चालेल.