वाचक विचारतात : बिनव्याजी व्यवहार

प्रश्न : नफा धरून हप्त्याने वस्तू विकली काय आणि व्याज घेतले काय, पैसे जवळपास सारखेच जातात. तरी ब्रिटनसारख्या देशात अल्पसंख्य मुसलमान मुद्दाम इस्लामी बँकेत का जातात? (वाचक, मिरज)

उत्तर : पैसे सारखे जातात, कधी जास्तही जातात. पण कुराणात (२:२७५) व्यापार हलाल आणि रिबा, म्हणजे व्याज, हराम आहे, आणि हे मानणारे कुटुंब पर्याय नसला तर साध्या बँकेचे कर्ज घेत नाही. वर्षानुवर्षे भाड्याने राहते, रोकड कपाटात ठेवते. त्याच्या लेखी दोन-तीनशे रुपये जास्तीचा हप्ता महाग नसतो. शिवाय घरच्या वडीलधाऱ्यांचा आणि मशिदीतल्या मौलानांचा शब्द दरापेक्षा जड पडतो. ब्रिटनमध्ये सरकारनेही वाट मोकळी केली. घर आधी बँक विकत घेते, मग ग्राहकाला देते, त्यामुळे मुद्रांक शुल्क दोनदा लागे. हे दुहेरी शुल्क २००३ साली रद्द झाले आणि २००४ साली आज अल रयान नावाने चालणारी बँक उघडली.

प्रश्न : मग आपल्याकडे अशी बँक का नाही? इथल्या एका बिनव्याजी पतसंस्थेकडून ८०,००० रुपयांचे यंत्र घ्यायचे आहे. काय तपासू? (वाचक, सांगली)

उत्तर : बँकिंग विनियमन कायदा, १९४९ आडवा येतो. त्याच्या कलम ८ प्रमाणे बँकेला मालाची खरेदी-विक्री करता येत नाही, आणि मुराबहा (वस्तू आधी स्वतः विकत घेऊन ठरलेला नफा धरून ग्राहकाला विकणे) म्हणजे नेमकी तीच. रघुराम राजन समितीने २००८ साली बिनव्याजी बँकिंगची शिफारस केली होती. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली हा विषय पुढे न नेण्याचे ठरवले. उरतात पतसंस्था.

मुराबहात क्रम महत्त्वाचा. तुम्ही कोटेशन आणता, संस्था स्वतःच्या नावाने बिल करून यंत्र घेते, ताबा घेते, आणि मग तुम्हाला समजा ९६,००० ला विकते : ४,००० चे २४ हप्ते. खरेदीची किंमत आणि नफा दोन्ही कागदावर हवेत, आणि एकदा ठरलेली किंमत वाढत नाही. गडबड बहुधा बिलातच होते. बिल सरळ तुमच्या नावाने निघाले आणि रक्कम तुमच्या खात्यात आली, तर संस्था यंत्राची मालक कधी झालीच नाही; ते पैशावर पैसे घेणेच झाले, पाटी काहीही असो. हप्ता थकला तर दंड संस्थेच्या नफ्यात जाऊ नये, दानात जावा. दोनदा विक्री होते म्हणून जीएसटीचा बोजा कोणावर, हेही आधीच विचारा.

कर्जे हसना, म्हणजे बिनव्याजी कर्ज, घेणार असाल तर सेवाशुल्क पाहा. ते कागदपत्रे, वसुली अशा खऱ्या खर्चाइतकेच हवे. रक्कम आणि मुदतीबरोबर शुल्क वाढत असेल तर ते व्याजच.

ठेव ठेवायची असल्यास जास्त सावध राहा. ५ लाखांचे ठेव विमा संरक्षण बँकांना आहे, पतसंस्थांना नाही. जिल्हा उपनिबंधकांच्या कार्यालयात नोंदणी आणि लेखापरीक्षण अहवाल पाहून घ्या. 'हलाल' म्हणून दरमहा ठरलेला परतावा देणारा दिसला तर पाठ फिरवा : अशी ठेव म्हणजे धंद्यातली भागीदारी, आणि भागीदारीत नफा आधी ठरत नाही. बेंगळुरूची आयएमए ही 'हलाल' गुंतवणुकीच्या नावाने ठेवी घेणारी कंपनी २०१९ साली बुडाली ती अशाच आश्वासनांवर.

प्रश्न : बचत खात्यात आपोआप जमा होणाऱ्या व्याजाचे काय करावे? (वाचक, कराड)

उत्तर : बहुतेक मुफ्ती (धर्मशास्त्राचे जाणकार) सांगतात की ते काढून, सवाबची म्हणजे पुण्याची अपेक्षा न ठेवता, गरजूंना द्यावे, जकातीत (इस्लाममधल्या सक्तीच्या दानात) धरू नये. चालू खात्यावर व्याज मिळत नाही, मात्र किमान शिल्लक बरीच जास्त ठेवावी लागते.