नकाशात गाव आहे, पण वस्ती नाही. अशा बेचिराग गावाचा इतिहास कसा शोधायचा?

तुमचा प्रश्न असा की सातबाऱ्यावर गावाचं नाव येतं, शिवार कसलं जातं, पण घर एकही नाही. म्हातारी माणसं ‘पटकीत एका रात्रीत गाव उठलं’ म्हणतात, ते कितपत खरं?

दख्खनवर अशी गावं पुष्कळ आहेत. माझा सल्ला, आठवणींपेक्षा जमिनीचा माग काढा. माणसं गेली तरी शेजारच्या गावांनी ती जमीन कसली, सारा भरला, म्हणून दप्तर टिकलं.

तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून जुन्या गावनकाशाची नक्कल घ्या. गावठाणाला सर्व्हे नंबर नसतो, त्यामुळे जुनी वस्ती कुठे होती ते नकाशावरच कळतं. मग त्या जागी जा. काळ्या रानात पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या जागेची, माती वेगळी दिसते. खापरं, जात्याचे तुकडे, वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराचा स्मृतिदगड), मारुतीचं देऊळ शोधा. पांढरीचं टेकाड लहान दिसलं म्हणून गाव अल्पकाळचं समजू नका. धाब्याच्या छपरांसाठी आणि खत म्हणून लोक पांढर उकरून नेत.

फेरफार (जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदी) आणि जुने सातबारे तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळतात. काही जिल्ह्यांचे ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावरही आहेत. इथे बहुतेकांची गाडी अडते. १९४७ च्या कायद्याखाली जमिनीच्या तुकड्यांचं एकत्रीकरण झालं असेल तर आजचा गट नंबर जुन्या कागदात सापडणारच नाही. आधी एकत्रीकरण योजनेचा उतारा काढून गटावरून सर्व्हे नंबर मिळवा. फेरफारात ‘देवस्थान इनाम वर्ग ३’, ‘महार वतन ६ब’ अशा नोंदी आणि वतनदारांची आडनावं टिपून ठेवा. ती घराणी आज शेजारच्या कुठल्या गावात आहेत, यावरून लोक कुठे गेले ते समजतं.

गाव कधी उठलं हे ठरवायला सर्वांत भरवशाचा कागद म्हणजे इंग्रजी अमदानीतले तालुक्याच्या जमीनमोजणीचे अहवाल. ही मोजणी १८३६ च्या सुमारास इंदापुरातून सुरू झाली, आणि साधारण तीस वर्षांनी फेरमोजणी होई. फेरमोजणीच्या अहवालांत बहुधा गाववार माणसं, घरं, नांगर, विहिरी यांचे आकडे असतात. पहिल्याच मोजणीत गाव ओसाड असेल तर १८०३-०४ चा दुष्काळ आणि त्या काळची लूटमार तपासा. नंतर रिकामं झालं असेल तर १८७६-७८ चा दुष्काळ किंवा १८९६ नंतरचा प्लेग. आकडे हळूहळू घटत गेले असतील तर ‘एका रात्रीत’ ही गोष्ट बाजूला ठेवा. पाणी, रस्ता, बाजार जिकडे, तिकडे माणसं सरकली असतील.

इंग्रजी मोजणीआधीचं पुण्याच्या पुराभिलेखागारातल्या पेशवे दप्तरात, मोडी लिपीत. जाणकार वाचक सोबत हवाच. जुन्या कागदांत वेगवेगळ्या कालगणना असतात, त्यामुळे सालांत घोळ होतो : शकात ७८, फसलीत ५९०, शुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतं. शुहूर सन अरबी शब्दांत लिहितात, एककापासून. ‘अर्बा सबैन मया व अलफ’ म्हणजे ११७४, अर्थात १७७३-७४. गावाचं नाव शोधताना बुद्रुक-खुर्द आणि त्या काळचा परगणा जुळतो का, हे मात्र दर कागदाला पाहा, नाहीतर भलत्याच गावाचा इतिहास हाती येईल.