पॉलिहाऊसमध्ये पण मुंग्या आणि घरात ओट्यावर पण मुंग्या, नक्की कोणतं औषध मारावं?

औषधाचं नंतर बघू, आधी मुंग्या कुठं चालल्यात ते बघा. तुम्ही लिहिलंय की मिरचीच्या सुतळीवरून मुंग्यांची रांग वर चढते, घरी साखरेच्या डब्यात पण तेच, आणि दुकानदार म्हणतो बेडवर (मिरचीच्या वाफ्यावर) पावडर टाका. माझं पण दहा गुंठ्यांचं पॉलिहाऊस आहे, ढोबळी मिरची, लाल आणि पिवळी, आणि तीन वर्षांपूर्वी मी नेमकं तेच केलं होतं जे तुम्हाला आता सांगतायत. बेडच्या कडेनं पावडर टाकली, चार दिवस मुंग्या गायब, पाचव्या दिवशी पलीकडच्या बेडमधून रांग सुरू. पैसे गेले, मुंग्या तिथंच.

मग एक दिवस सकाळी पाणी सोडून निवांत बसलो होतो तेव्हा एका रांगेच्या मागं मागं नजर वर नेली. सुतळीवरून वर, शेंड्याच्या खाली तिसरं-चौथं पान, आणि पान उलटं केलं तर खाली हिरवा मावा, म्हणजे पानाचा रस शोषणारी बारीक कीड, नुसता चिकटलेला. एक मुंगी माव्याच्या पाठीवर मिशांनी टकटक करते, मावा मागून पाण्याचा एक बारका थेंब सोडतो आणि मुंगी तो पिऊन पुढच्या माव्याकडे जाते, अगदी गोठ्यात धार काढल्यासारखं. तो थेंब गोड असतो. खालच्या पानांना हात लावला तर बोटं चिकटत होती आणि काही फळांवर काजळी बसल्यासारखी काळी बुरशी आलेली, ती त्याच चिकट्यावर वाढते. असा माल मार्केटला नेला की व्यापारी बघूनच भाव पाडतो हे वेगळं सांगायला नको.

म्हणजे मुंगी मिरची खायला येतच नाही, ती माव्यासाठी येते. पण निरुपद्रवी पण नाहीये हां, कारण मावा खायला लेडीबर्ड भुंगेरा किंवा त्याची अळी आली की मुंग्या तिला चावून हाकलून देतात. त्यामुळं मुंग्या आहेत तोवर मित्रकिडे टिकत नाहीत आणि तुम्ही फवारण्या करत बसता. मावा नसेल तर मिलीबग (पिठ्या ढेकूण), खवले कीड नाहीतर पांढरी माशी बघा, गोड चिकटा सोडणारं काहीतरी सापडणारच.

म्हणून दोन्ही कामं एकत्र करावी लागतात. माव्यासाठी मी जास्त लागलेले शेंडे खुडून पिशवीत भरून बाहेर नेऊन जाळले, मग निंबोळी अर्क ५ टक्के आणि आठवड्यानं व्हर्टिसिलियम लेकॅनी (किडीला मारणारी मित्रबुरशी) लिटरला ५ ग्रॅम, संध्याकाळी, पानाच्या मागच्या बाजूनं. आत दमटपणा असतो त्यामुळं ही बुरशी पॉलिहाऊसमध्ये चांगली चालते, फक्त त्याच दिवसात बुरशीनाशक मारू नका नाहीतर ती पण मरते.

आता मुंग्यांचं. रांगेतल्या मुंग्या मारून उपयोग नसतो कारण राणी वारुळात आत बसलेली असते आणि अंडी घालत राहते, त्यामुळं विष मुंगीनेच उचलून आत न्यायला पाहिजे आणि ते हळू चढणारं पाहिजे. मेडिकलमध्ये बोरिक पावडर मिळते (कॅरमवर टाकतात ती, पण डब्यावर बोरिक लिहिलंय का बघून घ्या). अर्धा लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम साखर आणि बोरिक सपाट एक चहाचा चमचा, म्हणजे साधारण ५ ग्रॅम, पूर्ण विरघळवायचं. जास्त टाकलं तर लवकर काम होईल असं वाटतं पण उलट होतं, मुंगी वाटेतच मरते नाहीतर तोंडच लावत नाही. बाटलीच्या झाकणात कापसाचा बोळा भिजवून रांगेच्या शेजारी ठेवायचा, वर भोकं पाडलेला डबा पालथा घालायचा म्हणजे कुत्रं-मांजर आणि पोरं तोंड लावणार नाहीत. हे विषच आहे, त्यामुळं उरलेल्या बाटलीवर मोठ्या अक्षरात लिहून उंचावर ठेवा.

पहिल्या दिवशी मुंग्या वाढतील, झाकणाभोवती काळं रिंगण दिसेल, घाबरून पुसू नका आणि स्प्रे तर अजिबात मारू नका. दुपारी आत इतकं तापतं की बोळा सुकतो म्हणून मी रोज संध्याकाळी बदलायचो. माझ्याकडं साधारण दोन आठवडे लागले. गोडाला नाही आल्या तर शेंगदाण्याच्या कुटात किंचित बोरिक कालवून बघा, वारुळात पिल्लं असली की त्यांना तेलकट आवडतं.

बाकी बारीकसारीक म्हणजे कडेचं गवत काढा, पॉलिहाऊसच्या बाहेरच्या भिंतीशी वारुळं असतात तिथं उकळतं पाणी ओता (बेडमध्ये नको, मुळ्या शिजतील), आणि नर्सरीच्या ट्रे ज्या टेबलावर आहेत त्याच्या पायाखाली पाण्याच्या वाट्या ठेवा, नाहीतर पेरलेलं बी उचलून नेतात. आणि दुकानदारानं फोरेट (एक जहाल कीटकनाशक) दिलं तर घेऊ नका, त्यावर २०२० च्या डिसेंबरअखेरीपासून देशात बंदी आहे.

घरचं पण तेच आहे. खडूची रेघ रेघेपुरती चालते, हळद-लवंग पण तात्पुरतं, रवा खाऊन मुंग्या फुगून मरतात हे तर खोटंच. रांग साबणाच्या पाण्यानं पुसली की वासाचा माग जातो, पण आमिष ठेवायचं असेल तर रांग राहू द्या. माझ्या भावाच्या पुण्यातल्या फ्लॅटमध्ये स्विचबोर्डातून बारीक पिवळसर मुंग्या यायच्या, त्यानं तीनदा स्प्रे मारला आणि एका रांगेच्या तीन झाल्या, कारण या जातीला त्रास दिला की वारूळ फुटून वेगवेगळ्या ठिकाणी बस्तान बसवतात. शेवटी आमिषानंच गेल्या.

दूध-साखर मात्र आई अजून परातीत पाणी घालून त्यातच ठेवते आणि त्याला तोड नाही. गंमत म्हणजे मी ओट्यामागं साखरेचं पाणी ठेवताना बघून ती खुश झाली होती, म्हणाली बरं केलंस, मुंग्यांना साखर घातली की पुण्य लागतं. त्यात काय आहे ते मी अजून सांगितलेलं नाही.

फोटो टाकणार असाल तर मुंगीचा नको, शेंड्याजवळच्या पानाच्या मागच्या बाजूचा टाका, मग मावा आहे का मिलीबग ते सांगता येईल.